चार ओळींचा संवाद, एकच नियम : मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी इंग्रजी व्याकरणाच्या सरावाची पद्धत

माझे सारे शिक्षण बार्शीत, मराठी माध्यमात झाले. इंग्रजीत गुण चांगले पडत. रिकाम्या जागा भरा, काळ बदला, प्रयोग बदला हे प्रश्न मी सहसा चुकत नसे. पुण्यात हिशेब विभागात पहिली नोकरी लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात चेन्नईच्या वरिष्ठ बाईंनी फोनवर विचारले, "हॅवन्ट यू सेन्ट द फाइल?" फाइल पाठवायची राहिली होती. "फाइल पाठवली नाहीस का?" असे कोणी मराठीत विचारले असते, तर मी "हो, राहिली" असे म्हटले असते. तोच "हो" माझ्या तोंडून "येस" होऊन बाहेर पडला, बाईंनी "गुड" म्हणून फोन ठेवला आणि फाइल पोहोचली असे समजून त्या पुढच्या कामाला लागल्या. संध्याकाळी खुलासा झाला तेव्हा मी खोटे बोलले असे त्यांना वाटले, आणि ते तसे नव्हते हे समजावून सांगण्याइतके इंग्रजीही माझ्याजवळ नव्हते.

त्या रात्री वसतिगृहात मी वही उघडून तेच संभाषण चार ओळींत लिहिले आणि नांदेडच्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीबरोबर पुन्हा पुन्हा म्हटले. पुढचे आठ महिने आम्ही दोघी रोज असाच एक संवाद करत राहिलो. आता रविवारी सकाळी नव्याने नोकरीला लागलेली काही मुले-मुली माझ्याकडे येतात आणि त्यांनाही मी हीच पद्धत सांगते. आपल्या राज्यात मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून होते, २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. पण दोन्ही पिढ्यांतल्या मुलांची अडचण मला एकच दिसते. नियम कागदावर येतो, पण समोरचा माणूस उत्तराची वाट पाहत थांबला की तो आठवत नाही. याचे कारण असे की, आपण नियमाचा सराव एकेकट्या, सुट्या वाक्यांवर केलेला असतो, आणि बोलताना मात्र प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी वाक्याला उत्तर म्हणून येते.

एक सूचना आधीच देते. या लेखात इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत, ती वाचताना कानावर पडावीत म्हणून. तुमच्या वहीत मात्र ती रोमन लिपीतच लिहा, नाहीतर बोलणे सुधारेल आणि ईमेल लिहिताना हात अडखळेल.

लागणारे साहित्य

- शंभर पानी रेघी वही. डावे पान संवादासाठी, उजवे पान चुकांसाठी.
- निळे आणि लाल पेन.
- आवाज ध्वनिमुद्रित करता येईल असा कोणताही मोबाइल.
- शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, म्हणजे ज्याला "लर्नर्स डिक्शनरी" म्हणतात तो. त्यात शब्दाच्या अर्थाबरोबर उदाहरणाची वाक्ये असतात आणि क्रियापदापुढे कोणते शब्दयोगी रूप येते हेही कळते. नुसता इंग्रजी-मराठी कोश या कामाला पुरत नाही.
- बालभारतीची पाचवी ते आठवीची इंग्रजीची पुस्तके. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती मोफत उतरवून घेता येतात. ती लहान मुलांची आहेत म्हणून संकोच करू नका. त्यांतले संवाद छोटे आणि शुद्ध असतात.
- एक जोडीदार. तोही तुमच्याइतकाच शिकाऊ असला तरी चालतो.
- रोज वीस मिनिटे. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक उपयोगी पडतात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

१. आपल्याच दिवसातले प्रसंग टिपून घ्या

बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांत विमानतळ, हॉटेल, परदेशी पाहुणा असे प्रसंग असतात. विमानतळावर तुम्ही वर्षातून एकदाही जात नसाल, तर तो संवाद पाठ करून उपयोग नाही, कारण तो वापरायची वेळ येईपर्यंत विसरून गेलेला असतो. त्याऐवजी आठवडाभर लक्ष ठेवा आणि इंग्रजी खरोखर कुठे कुठे समोर येते ते लिहून काढा. बँकेच्या ग्राहक सेवेचा फोन, शेजारी राहायला आलेले केरळचे कुटुंब, मुलाच्या शाळेतल्या बाई, कार्यालयातली सकाळची बैठक, कुरिअरवाल्याचा पत्ता विचारणारा फोन, मुलाखत, विमा प्रतिनिधी, अशी दहा-बारा ठिकाणे सहज निघतात. हीच तुमची पहिली यादी.

घरातले प्रसंगही घ्या, पण ते घडताना नव्हे, तर दुसऱ्याला सांगताना. दूधवाल्याशी तुम्ही इंग्रजीत बोलणार नाही. पण "आज दूध आलंच नाही" हे शेजारणीला सांगणार आहात. नित्याची क्रियापदे अशाच बोलण्यात येतात.

२. एका संवादात एकच नियम घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. एकाच संवादात वर्तमानकाळ, भूतकाळ, उपपदे आणि शब्दयोगी रूपे सगळीच तपासायला गेलात, तर कशावरच हात बसत नाही. संवादाच्या माथ्यावर त्या दिवसाचा नियम मराठीत एका ओळीत लिहा आणि त्या दिवशी तेवढीच चूक सुधारा. बाकीच्या चुका दिसल्या तरी उजव्या पानावर टिपून ठेवा. त्यांची पाळी नंतर येईल.

क्रम मी असा ठेवते : आधी "डू" आणि "डज" लावून प्रश्न व नकार, मग "डिड"चा भूतकाळ, मग "अ" आणि "द", मग "हॅव" लावून होणारा काळ, त्यानंतर विनंतीची वाक्ये आणि शेवटी शब्दयोगी रूपे. पुस्तकांत नामापासून सुरुवात होते, पण बोलताना माणूस पहिल्यांदा अडतो तो प्रश्न विचारताना, म्हणून मी प्रश्नापासून सुरुवात करते.

३. वाक्य मराठीत कसे आहे ते आधी नीट ऐका

आपल्या चुका कशाही होत नाहीत. त्यांच्यामागे धडधाकट मराठी वाक्य उभे असते. ते ओळखता आले की चूक पुन्हा होण्याआधीच लक्षात येते. म्हणून संवाद लिहिण्यापूर्वी त्या प्रसंगात तुम्ही मराठीत नेमके काय म्हणाल ते उच्चारून पाहा आणि मग विचारा की इंग्रजी माणूस याच वेळी काय म्हणतो.

कोणी हाक मारली की आपण म्हणतो, "आलो, आलो!" क्रियापद भूतकाळी आहे, पण माणूस अजून खुर्चीवरून उठलेलाही नाही. याचे "आय केम" केले तर ऐकणारा गोंधळतो. तिथे "आय ॲम कमिंग" हवे. निघताना आपण "येतो" म्हणतो, इंग्रजीत मात्र "आय ॲम लीव्हिंग". "मी इथेच आहे" यातला "च" आपण "ओन्ली" लावून पोहोचवू पाहतो आणि "आय ॲम हिअर ओन्ली" म्हणतो. तिथे "आय ॲम राइट हिअर" म्हणावे. "तुम्ही येताय ना?" यातल्या "ना"साठी सरसकट "इजन्ट इट" येते, पण इंग्रजीत शेपटीसुद्धा मूळ क्रियापदाप्रमाणे बदलते : "यू आर कमिंग, आरन्ट यू?"

"मला"ची वाक्ये तर वेगळी काढूनच शिकावी लागतात. मला भूक लागली, मला दोन भाऊ आहेत, मला माहीत आहे, मला चहा आवडतो. मराठीत सगळीकडे एकच "मला", आणि इंग्रजीत अनुक्रमे "आय ॲम हंग्री", "आय हॅव टू ब्रदर्स", "आय नो", "आय लाइक टी". "मला माहीत आहे" यातले "आहे" ऐकून अनेक जण "आय ॲम नोइंग" म्हणतात. माहीत असणे, आवडणे, हवे असणे, समजणे या मनाच्या स्थिती आहेत. त्यांना सहसा "इंग"चे रूप लागत नाही.

४. चार ते सहा ओळींचा संवाद लिहा

त्याहून लांब लिहू नका. एक माणूस विचारेल, दुसरा उत्तर देईल, पहिला त्या उत्तराला धरून पुढचे विचारेल, इतके पुरे. पहिल्या नियमासाठी मी देते तो संवाद असा आहे. जिन्यात नवी शेजारीण भेटली आहे :

— डू यू वर्क निअरबाय?
— येस, आय डू. आय वर्क इन अ बँक.
— डज युअर हजबंड वर्क देअर टू?
— नो, ही डजन्ट. ही टीचेस ॲट अ स्कूल.
— व्हॉट डज ही टीच?
— ही टीचेस मॅथ्स.

मराठीत "तू इथे काम करतेस का?" या वाक्यातला "का" शेवटी येतो. इंग्रजीत तोच प्रश्न वाक्याच्या तोंडाशी "डू" होऊन उभा राहतो, असे धरून चाला. दुसरी गोष्ट, तो किंवा ती आली की क्रियापदाला लागणारा "स" वाक्यात एकदाच लागतो. "ही टीचेस" मध्ये तो क्रियापदाने घेतला आहे. "डज ही टीच" मध्ये तो "डज"ने घेतला, म्हणून "टीच" मोकळे राहिले. "डज ही टीचेस" म्हणणाऱ्याने "स" दोनदा लावलेला असतो. भूतकाळात हेच "डिड" करते : "डिड यू गो?" बरोबर, "डिड यू वेंट?" चूक, कारण भूतकाळाचा भार "डिड"ने आधीच उचलला आहे. नियम सांगायला दोन ओळी लागतात. तो जिभेवर बसायला मात्र मला तीन आठवडे लागले, तेव्हा धीर सोडू नका.

छोटे उत्तर पूर्ण द्यायची सवय येथूनच लावा. नुसते "येस" किंवा "नो" नको. "येस, आय डू", "नो, ही डजन्ट" असेच म्हणा. का, ते सातव्या पायरीत कळेल.

५. मोठ्याने म्हणा आणि भूमिका बदला

मनात वाचलेला संवाद जिभेला येत नाही. पहिल्यांदा वहीत पाहून म्हणा, दुसऱ्यांदा वही मिटून, तिसऱ्यांदा भूमिका बदलून. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा या दोघांचे व्याकरण वेगळे असते. जो नेहमी उत्तरेच देतो त्याला प्रश्नाची रचना कधीच येत नाही. आमच्या शाळेत प्रश्न बाई विचारत आणि उत्तरे आम्ही देत असू, त्यामुळे दहावीपर्यंत मी इंग्रजीत एकही प्रश्न स्वतः विचारलेला नव्हता.

जोडीदार नसेल तर मोबाइलवर एका बाजूच्या ओळी मुद्रित करा. प्रत्येक ओळीनंतर पाच सेकंद थांबा. मग ती फीत लावून रिकाम्या जागेत दुसऱ्या बाजूची उत्तरे द्या. पाच सेकंद सुरुवातीला अपुरे वाटतील; ते तसेच राहू द्या, कारण फोनवरचा माणूसही साधारण तितकाच थांबतो.

६. एक शब्द बदला आणि संवाद हलवून पाहा

पाठ झालेला संवाद हे निम्मेच काम आहे. आता त्यातला एकच शब्द बदला आणि बाकीची वाक्ये त्याप्रमाणे जुळवून घ्या. वरच्या संवादात "हजबंड"च्या जागी "पेरेंट्स" घाला : "डू युअर पेरेंट्स वर्क देअर टू?" "नो, दे डोन्ट. दे टीच ॲट अ स्कूल." एका शब्दासरशी तीन ठिकाणी बदल झाला. मग "युअर हजबंड"ऐवजी "यू" घाला, मग "शी". त्यानंतर अख्खा संवाद कालच्या घडामोडीवर न्या :

— डिड यू कॉल द बँक?
— येस, आय डिड. आय कॉल्ड देम इन द मॉर्निंग.
— व्हॉट डिड दे से?
— दे आस्क्ड फॉर माय पॅन कार्ड.

एका संवादाचे असे पाच-सहा अवतार तोंडी करा. लिहीत बसू नका. लिहिताना हात विचार करायला वेळ देतो, आणि तो वेळ बोलताना मिळणार नसतो.

उपपदांचा सराव याच पायरीवर उत्तम होतो. मराठीत "अ" आणि "द" नाहीत, म्हणून ते नुसत्या नियमाने कळत नाहीत. पण संवादात त्यांचे काम डोळ्यांसमोर घडते. हे पाहा :

— अ पार्सल केम फॉर यू.
— व्हेअर इज द पार्सल नाउ?
— आय लेफ्ट इट विथ द वॉचमन.

पहिला बोलला तेव्हा पार्सल ऐकणाऱ्याला ठाऊक नव्हते, म्हणून "अ". दुसऱ्याने विचारले तेव्हा ते दोघांनाही ठाऊक झाले, म्हणून "द". वॉचमनचा उल्लेख पहिल्यांदाच आला, तरी तिथे "द" आहे, कारण इमारतीचा वॉचमन कोण हे दोघांनाही माहीत आहे. म्हणजे प्रश्न वस्तूचा नसून समोरच्याला काय माहीत आहे याचा आहे. आपणही "एक माणूस आला होता" असे म्हणतो आणि पुढच्या वाक्यात "तो माणूस" म्हणतो. ती जाण आपल्याजवळ आहेच, फक्त इंग्रजीत ती दर नामाला दाखवावी लागते.

७. या ठिकाणी हमखास फसगत होते

*नकारी प्रश्न.* लेखाच्या सुरुवातीची माझी चूक याच जातीची. मराठीत आपला "हो" समोरच्याच्या म्हणण्याला असतो : "जेवला नाहीस का?" "हो, नाही जेवलो." म्हणजे तुमचे म्हणणे बरोबर आहे. इंग्रजीतला "येस" समोरच्याच्या म्हणण्याला नसून आपल्याच पुढच्या क्रियापदाला बांधलेला असतो. काम झाले असेल तर "येस, आय हॅव", झाले नसेल तर "नो, आय हॅवन्ट". प्रश्न होकारी असो की नकारी, उत्तर बदलत नाही. छोटे उत्तर पूर्ण द्यायची सवय असली की पहिला शब्द चुकला तरी दुसऱ्या शब्दाने ऐकणाऱ्याला खरे काय ते कळते. त्या दिवशी मी "येस"च्या पुढे "आय हॅवन्ट" एवढे जरी जोडले असते, तरी बाईंनी थांबून पुन्हा विचारले असते.

*"केले", "केले आहे", "केले होते".* मराठीतही ही तीन रूपे आहेत, त्यामुळे ती जशीच्या तशी नेता येतील असे वाटते. आपण "मी काल फाइल पाठवली आहे" किंवा "मी काल फाइल पाठवली होती" असे सहज म्हणतो आणि त्यात काही चूक नाही. इंग्रजीत मात्र "काल", "सोमवारी", "दोन तासांपूर्वी" असा संपलेला वेळ सांगितला की साधा भूतकाळच येतो : "आय सेन्ट इट यस्टरडे". "आय हॅव सेन्ट इट" म्हणायचे तर वेळ सांगायची नाही. "आय हॅड सेन्ट" तर तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी ते झालेले असते. आपल्याकडच्या कार्यालयांत "हॅड"चा जो सुळसुळाट दिसतो, त्याचे मूळ मला आपल्या "होते"मध्ये दिसते. सरावाचा संवाद :

— हॅव यू सेन्ट द फाइल?
— येस, आय हॅव.
— व्हेन डिड यू सेंड इट?
— आय सेन्ट इट ॲट फोर.

दुसरा प्रश्न "व्हेन" घेऊन आला आणि "हॅव" गळून "डिड" आले, ते नीट पाहून घ्या. या चार ओळी मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून पंधरा दिवस म्हणून घेते.

*"पासून".* सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून, दोन्हीकडे आपला प्रत्यय एकच. इंग्रजीत कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असा क्षण असेल तर "सिन्स मंडे", आणि मोजून सांगितलेला अवधी असेल तर "फॉर टू इयर्स". ओळखण्याची खूण अशी : ते वाक्य मराठीत "झाली" लावून फिरवता येते का ते पाहा. "मला इथे येऊन दोन वर्षं झाली" असे म्हणता येते, म्हणून "फॉर". "सोमवार झाली" म्हणता येत नाही, म्हणून "सिन्स". आणि दोन्हीकडे क्रियापद "आय हॅव बीन लिव्हिंग" असे. "आय ॲम लिव्हिंग सिन्स" नव्हे.

*शब्दयोगी रूपे.* "माझ्यावर चिडला" म्हणून "ॲंग्री ऑन मी" येते, हवे "ॲंग्री विथ मी". "विषयावर चर्चा केली" म्हणून "डिस्कस्ड अबाउट", "पुण्याला पोहोचलो" म्हणून "रीच्ड टु पुणे", "त्याला विचारले" म्हणून "आस्क्ड टु हिम". या तिन्ही ठिकाणी मधला शब्द नकोच. ही यादी पाठ करू नका. ज्या दिवशी जी चूक झाली, ती उजव्या पानावर लाल शाईने लिहा, शब्दकोशात त्या क्रियापदाची उदाहरणे पाहा आणि दुसऱ्या दिवशीच्या संवादात तेच क्रियापद मुद्दाम आणा. वेळेच्या बाबतीत एवढे लक्षात असू द्या : वाराला "ऑन", सकाळ-संध्याकाळीला "इन द", घड्याळातल्या वेळेला "ॲट".

*आदर.* आपण "तू" आणि "तुम्ही" यांतून आदर दाखवतो. इंग्रजीत "यू" एकच असल्याने तो आदर कुठे ठेवायचा हे कळत नाही, आणि मनात पूर्ण अदब असूनही "गिव्ह मी द फॉर्म" असे हुकूम सोडल्यासारखे वाक्य बाहेर पडते. मराठीत "जरा सांगाल का?", "फॉर्म द्याल का?" असे जे आपण म्हणतो, त्याच्या जवळचे रूप "कुड यू टेल मी", "कुड आय हॅव द फॉर्म, प्लीज" हे आहे. तुमच्या मनात "-ल का" आले की तोंडात "कुड" आले पाहिजे. बँक, दवाखाना आणि शाळा या तीन ठिकाणांसाठी प्रत्येकी एक संवाद असा करून ठेवा.

*यंत्राने केलेले भाषांतर.* संवाद मराठीत लिहून मोबाइलकडून भाषांतर करून घेऊ नका. वाक्य शुद्ध मिळेल, पण ते तुम्ही घडवलेले नसेल. आधी स्वतः लिहा, चुकू द्या, आणि मग हवे तर पडताळा.

८. उजळणीचे दिवस ठरवून ठेवा

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातले बरेचसे पहिल्या दिवसातच विसरते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यात दिसले. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा, दुसरी चौथ्या दिवशी, तिसरी आठव्या दिवशी. वहीच्या कोपऱ्यात या तारखा संवाद लिहितानाच घालून ठेवा. उजळणी म्हणजे वाचणे नव्हे. डावे पान झाकून प्रसंग आठवा आणि संवाद पुन्हा घडवा. शब्द थोडे वेगळे आले तरी चालेल, नियम तोच राहिला पाहिजे.

९. जोडीदाराने चूक कशी दाखवावी

बोलणाऱ्याला वाक्याच्या मध्ये थांबवू नये. चार ओळी पूर्ण होऊ द्याव्यात आणि मग त्या दिवशीच्या नियमाचीच चूक सांगावी, तीही उत्तर न देता : "तिसऱ्या ओळीत 'स' दोनदा आला का?" इतकेच. स्वतः शोधलेली चूक पुन्हा होण्याचे प्रमाण कमी असते, हा माझा अनुभव आहे. हसणे पूर्ण वर्ज्य. माझ्याकडे एक मुलगी दोन रविवार आली आणि तिने तोंड उघडले नाही. पूर्वीच्या एका शिकवणीत तिच्या उच्चारावर सगळा वर्ग हसला होता. तिसऱ्या रविवारी तिने वहीत लिहून आणलेल्या चार ओळी भिंतीकडे पाहून म्हटल्या. आम्ही त्या तशाच म्हणू दिल्या. आज ती ग्राहकांचे फोन घेते.

१०. मग ऐकायला सुरुवात करा

साधारण तीस संवाद झाले की बाहेरचे इंग्रजी ऐकायला लागा. बीबीसी १९४३ पासून इंग्रजी शिकवण्याचे कार्यक्रम करत आली आहे आणि त्यांचा "सिक्स मिनिट इंग्लिश" हा कार्यक्रम म्हणजे दोघांमधल्या गप्पाच असतात. सोबत लिखित पाठही मोफत मिळतो. सहा मिनिटे सगळी समजली पाहिजेत असा हट्ट नको. त्यातल्या लागोपाठच्या चार ओळी निवडा, वहीत उतरवा आणि त्यांच्यावर पाचवी व सहावी पायरी करा.

पहिल्या आठवड्याचा आराखडा

सोमवारी प्रसंगांची यादी करा आणि शेजारणीचा संवाद स्वतःच्या घरच्या माहितीने लिहा. नवरा बँकेत असेल तर बँक, आई शेती पाहत असेल तर शेती. खोटी माहिती घालू नका, कारण खरी माहिती आठवावी लागत नाही. मंगळवारी तोच संवाद "पेरेंट्स", "सिस्टर", "दे" घालून हलवा. बुधवारी "डू-डज"चाच दुसरा प्रसंग घ्या, बहुधा कार्यालयातला. गुरुवारी सोमवारच्या संवादाची उजळणी करा आणि उजव्या पानावरच्या चुका मोजा. शुक्रवारी "डिड"चा पहिला संवाद, बँकेच्या फोनचा. शनिवारी भूमिका बदलून तीनही संवाद मोबाइलवर मुद्रित करा. रविवारी नवे काही लिहू नका. ती फीत शांतपणे ऐका, जिथे पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबलात त्या ओळीखाली लाल रेघ मारा, आणि पुढच्या सोमवारचा पहिला संवाद त्या ओळीवरच बांधा.